डोहगावच्या ऑपरेटरची सावड

डोहगावात माणूस जन्मला की बेंजाभाऊ लागतो आणि मेला तरी बेंजाभाऊच लागतो. मधल्या काळाचं तर विचारूच नका. उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला, पीकविम्याचा अर्ज, म्हाताऱ्यांचा पगार चालू राहावा म्हणून दरवर्षी काढायचा जिवंत असल्याचा दाखला, सगळं बेंजाभाऊच्या एकाच कॉम्प्युटरातून निघतं. अकरा वर्षांत त्या माणसानं एक दिवस सुट्टी घेतलेली कुणाला आठवत नाही. गावात नळ बंद पडले, दिवे बंद पडले, एकदा तर सहा महिने सरपंचपदच बंद होतं. बेंजामिन अमोलिक मात्र चालू.

आमचं गाव कोल्हारच्या खाली, प्रवरेच्या अंगाला. ग्रामपंचायतीच्या आवारात जी खोली आहे ती पूर्वी कोंडवाडा होती. मोकाट जनावरं धरून आणायची आणि धनी येईपर्यंत तिथं डांबायची. पुढं सरकारनं तिला चुना मारला, सेवा केंद्राची पाटी लावली आणि आत बेंजाभाऊला बसवलं. भिंतीतल्या जनावरं बांधायच्या कड्या तशाच ठेवल्या. आता माणसं त्या कड्यांना आपल्या पिशव्या अडकवतात आणि रांगेत उभी राहतात. जुनी माणसं अजून म्हणतात, "कोंडवाड्यात जाऊन दाखला आनतो."

आता बेंजाभाऊचं दुखणं सांगतो, कारण सगळी गोष्ट त्याच्यावरच उभी आहे. त्याला हर्निया होता. उजव्या जांघेत आधी सुपारीएवढी गाठ होती, तिचं लिंबू झालं आणि मग लिंबाचं मोसंब्याकडं निघालं. वरून पट्टा बांधलेला. तरी शिंक आली, खोकला आला किंवा हसू आलं की बेंजाभाऊचा उजवा हात पँटच्या खिशात जायचा आणि आतून गाठ दाबून धरायचा. गावात कुणाला विनोद सांगायचा असला तर आधी बेंजाभाऊचा हात कुठं आहे ते बघायचा आणि मग तोंड उघडायचा. एवढी माणुसकी आमच्या गावात आहे.

श्रीरामपूरच्या डॉक्टरनं तीन वर्षांपूर्वीच ऑपरेशन सांगितलं होतं. पहिली तारीख ठरली तेव्हा शाळा-कॉलेजचे प्रवेश निघाले आणि दाखल्यांना रांग लागली. दुसऱ्या तारखेला पीकविम्याची मुदत आली. तिसऱ्या तारखेला काहीच नव्हतं, पण बेंजाभाऊ म्हणाला, "काय तरी निघंलच." आणि निघालंही.

त्याला सोडायचं म्हटलं तरी सोडता येत नव्हतं, हेही खरं. केंद्राचा पासवर्ड त्याच्या डोक्यात. सरकारच्या पोर्टलवर शिरायचं तर जो आकडा येतो, तो येणार त्याच्याच मोबाईलवर. प्रिंटर कागद खायला लागला की त्याच्या डाव्या पायाखाली जुनी चप्पल सरकवायची, हे त्यालाच ठाऊक. मागच्या पावसाळ्यात एका रविवारी पीकविम्याचा शेवटचा दिवस होता. बेंजाभाऊ कॉम्प्युटर चालू ठेवून, अर्ज भरायला ग्रामपंचायतीच्या छगन शिपायाला बसवून, नदीकाठच्या चर्चमध्ये उपासनेला गेला. अर्ध्या तासात पोर्टलनं छगनला बाहेर काढलं. छगन पळत चर्चच्या दारात. आत पाळकसाहेबांचा उपदेश रंगात आलेला. छगननं दारातूनच हाळी दिली, "बेंजाभाऊ, आकडा आला का आकडा?"

पाळकसाहेब थांबले. सगळी मंडळी मागं वळली. बेंजाभाऊनं मान खाली घातली. मग पाळकसाहेबच म्हणाले, "बेंजामिन, आधी त्याला आकडा दे. माझा पण अर्ज त्याच्यात आहे."

त्या दिवशी गावाला हसू आलं, पण बेंजाभाऊची बायको दीना हसली नाही. दीनावहिनी अंगणवाडीत सेविका आहे. पन्नास पोरं एका आवाजात गप्प करणारी बाई. तिनं दुसऱ्याच दिवशी नवऱ्याला एस.टी.त बसवून श्रीरामपूरला नेलं. डॉक्टरनं तपासलं आणि चष्मा काढला.

"ही गाठ अडकली तर सहा तासांच्या आत टेबलावर घ्यावं लागेल," डॉक्टर म्हणाला. "तेव्हा तुमच्या गावचा सर्व्हर चालू आहे का बंद, हे मी विचारणार नाही. दीड महिन्यानं, अठरा तारखेला गुरुवारी या. त्यापुढं मी थांबणार नाही, आणि ही गाठ तर मुळीच नाही."

दीनावहिनी बाहेर आल्यावर एवढंच बोलली, "अठराला तुम्ही नाही आलात तर त्या कोंडवाड्याला मी कुलूप घालीन. आणि किल्ली नदीत."

सुट्टी मात्र जिल्ह्यातून मंजूर होते. बेंजाभाऊनं अर्ज धाडला आणि चार दिवसांनी नगरहून हर्षल नावाचा साहेब आला. पाटीवर अहिल्यानगर झालं तरी आमच्या तोंडी अजून नगरच बसलंय. सावेडीत राहणारा, तिशीतला, शर्ट आत खोचलेला, बोलायला गोड माणूस. त्याच्या बॅगेत एक छापील फॉर्म होता. वर लिहिलेलं: 'अखंड सेवा आराखडा'. वीज गेली, नेट गेलं, पूर आला, माणूस आजारी पडला, तरी लोकांचं काम थांबू नये याची तयारी प्रत्येक केंद्रानं कागदावर लिहून द्यायची.

"आराखडा द्या," हर्षल साहेब म्हणाला. "मग बारा तारखेला मी रंगीत तालीम घेतो. तुम्ही नसताना केंद्र दिवसभर चाललं तर सुट्टी तिथल्या तिथं मंजूर. नाही चाललं तर बदली माणूस मिळेपर्यंत सुट्टी देता येणार नाही."

"बदली मानूस कव्हा मिळतो?"

"मागणी वर गेली आहे."

बेंजाभाऊनं ओळखलं. वर गेलेली मागणी त्यानंच तीन वर्षांपूर्वी टाइप केली होती.

त्यानं फॉर्म भरून दिला. हर्षल साहेब वाचू लागला. 'वीज गेल्यास: वाट बघणे. नेट गेल्यास: वाट बघणे. पूर आल्यास: ओसरायची वाट बघणे. केंद्रचालक गैरहजर असल्यास पर्यायी व्यक्ती: बेंजामिन यशवंत अमोलिक.'

"अमोलिक, तुम्ही नसताना तुम्हीच?"

"मंग दुसरं कोन हाय? मला फोन करत्यात की."

"तुम्ही भूल दिलेल्या अवस्थेत टेबलावर असाल."

"शुद्धीवर आलो की घेतो फोन."

साहेबानं पेनाचं टोपण लावलं. "हे असं चालत नाही. एकाच खांबावर तंबू उभा आहे तुमचा."

तेवढ्यात मुक्ताबाई आत आली. मुक्ताबाई आमची सरपंच. वय बासष्ट. शेळ्यांना घास टाकून तशीच आलेली, पदराला हिरवी पानं चिकटलेली. साहेबाला नमस्कार करून तिनं फॉर्म मागितला, लांब धरून वाचला आणि बेंजाभाऊकडं बघितलं.

"काय रं बेंजा, तुझ्याशिवाय गावात मानूसच न्हाई का?"

"शिकलेलं कोन हाय आक्का? छगनला माऊस धरायला दिला तर बाहेर फेकंल."

"एकदाच फेकला," दारातून छगन म्हणाला. "झुरळ वाटलं."

मुक्ताबाई खुर्चीत बसली. "सायेब, माझ्या बापाकडं एकच बैल हुता. तांबडा. शेजारच्या कानिफनाथ तात्याकडं बी एकच, पांढरा. एका बैलावर औत चालत न्हाई. म्हनून काय आमचं रान पडीक राह्यलं? बापानं आन् तात्यानं सावड केली. चार दिस दोन्ही बैलं आमच्या रानात, चार दिस त्येंच्या. तात्या आजारी पडला तर बाप त्येचं रान नांगरायचा, बाप परगावी गेला तर तात्या आमचं. सायेब, आमचा बेंजा म्हंजी एकटा बैल हाय."

"आक्का!" बेंजाभाऊ म्हणाला.

"गप. भोजवाडीची ती रेश्मा हाय का न्हाई? ती बी तिथल्या केंद्रात एकटीच राबती. तिला बोलवा. सावड करा."

हर्षल साहेबानं पेनाचं टोपण परत काढलं आणि तो एकदम भराभर लिहायला लागला. रेश्माचं स्वतःचं लॉगिन होतं, तिला डोहगावच्या केंद्राचीही परवानगी रीतसर देता येत होती. कुणाचा पासवर्ड कुणाला द्यायची भानगड नाही. त्यानं फॉर्मवर लिहिलं, 'आंतरकेंद्र परस्पर सहाय्य व्यवस्था.'

"ते काय?" मुक्ताबाईनं विचारलं.

"तुमची सावडच, आजी."

"मंग सावड लिहा की. भोजवाडीला कळंल तरी." आणि उठता उठता बेंजाभाऊला म्हणाली, "ध्येनात ठेव. सावडीचा बैल आपल्या बैलाच्या आधी पान्यावर न्यायचा. आन् सावडीत हात राखायचा न्हाई."

रेश्मा भोजवाडीची सून. चार किलोमीटरवर तिचं केंद्र. माहेर सुप्याचं, वडील तिथल्या कारखान्यात. दोन दिवाळ्या झाल्या, फॉर्मांच्या गडबडीत ती माहेरी गेली नव्हती. ती पहिल्या सोमवारी आली तीच वही काढून. मंगळवारी बेंजाभाऊ भोजवाडीला. असं आलटून पालटून पाच आठवडे ठरलं.

बेंजाभाऊनं तिला सगळं शिकवलं. वीज गेली तर काय, याचा विचार त्यानं आयुष्यात पहिल्यांदा केला आणि समोरच्या दूधडेअरीत जाऊन बोलणं करून आला. डेअरीकडं मोठा इन्व्हर्टर असतो, कारण गायीला वीज गेल्याचं सांगता येत नाही. तिथून केंद्रापर्यंत एक पिवळी वायर ओढून ठेवली. नेट गेलं तर अर्ज कच्च्या वहीत क्रमवार उतरवायचे, मग मोबाईल घेऊन पाण्याच्या टाकीच्या सातव्या पायरीवर जायचं, तिथं रेंज येते. सहावीवर येत नाही. प्रिंटरची चप्पलसुद्धा त्यानं दाखवली.

एक गोष्ट मात्र त्यानं ठेवून घेतली. बोटांची.

म्हाताऱ्यांच्या बोटांवर रेघाच राहिलेल्या नसतात. जन्मभर खुरपं धरलेलं, शेणानं सारवलेलं, उसाचं पाचट उपटलेलं. यंत्राच्या काचेवर अंगठा ठेवला की लाल दिवा. बेंजाभाऊच्या हाताखाली मात्र हिरवा लागायचा. कुणाचं कोणतं बोट, कधी आणि कसं, ही विद्या त्यानं अकरा वर्षांत एकेका म्हातारीमागं कमावलेली. ती एका सोमवारी वहीत उतरवून द्यायची म्हणजे त्याच्या जिवावर आलं. रेश्मानं विचारलं तेव्हा तो म्हणाला, "उठत्यात गं ठसे. माझ्या हाताखाली उठत्यात."

"पण माझ्या हाताखाली, काका?"

"बघू की."

बारा तारीख उजाडली. हर्षल साहेब दहाच्या ठोक्याला हजर. त्यानं बेंजाभाऊचा मोबाईल घेऊन स्वतःच्या बॅगेत टाकला आणि त्याला समोरच्या पारावर बसवलं. अट एकच. दिवसभरात त्यानं एक शब्द जरी सांगितला तरी तालीम रद्द. शेजारी दीनावहिनी रजा टाकून मेथी निवडत बसली. मेथी नावाला, खरी राखण नवऱ्याची.

साडेदहाला साहेबानं मेन स्विच पाडला. केंद्रात अंधार. रांगेतली माणसं बेंजाभाऊकडं बघायला लागली. छगन मात्र काही न बोलता डेअरीत गेला, पिवळी वायर लावली आणि परत येऊन आपल्या स्टुलावर बसला. कॉम्प्युटर चालू. साहेबानं घड्याळ बघितलं, चार मिनिटं.

"वायर मीच वढली ती," बेंजाभाऊ पुटपुटला.

"बोलू नका," दीनावहिनी म्हणाली. "तुम्ही श्रीरामपुरात आहात."

बाराच्या सुमाराला साहेबानं नेटची वायर काढली. रेश्मानं कच्ची वही उघडली, एकेकाला नंबर दिला, सावलीत बसवलं आणि मोबाईल घेऊन टाकीच्या पायऱ्या चढली.

"सातवी, सातवी," बेंजाभाऊ ओठातल्या ओठात मोजत होता.

"तुम्ही श्रीरामपुरात आहात म्हटलं ना."

सातव्या पायरीवरून अर्ज गेले. साहेब खूश दिसला. जेवणानंतर त्यानं नेटची वायर परत जोडली आणि शेवटची परीक्षा काढली. एक काम पहिल्यापासून शेवटपर्यंत, बोटाच्या ठशासकट. रांगेत पुढं होती भीमाबाई. वय अठ्ठ्याहत्तर, उजव्या हातात काठी, डाव्या हातात पिशवी. तिला जिवंत असल्याचा दाखला पाहिजे होता.

रेश्मानं उजवा अंगठा ठेवला. लाल. डावा अंगठा. लाल. बोटं पुसली, परत ठेवली. लाल. पारावरून तो दिवा बेंजाभाऊला सरळ दिसत होता. एकेक बोट होत गेलं आणि बेंजाभाऊ एकेक इंच पुढं सरकत गेला.

"ताई, अजून दोनदा चुकलं की यंत्र आज त्यांना घेणार नाही," साहेब म्हणाला. "मग काम अडलं असं लिहावं लागेल."

बेंजाभाऊ उठला. दीनावहिनीनं मागून शर्ट धरला.

"दीना, बोट चुकतंय!"

"मग सोमवारी सांगितलं का नाही तिला?"

बेंजाभाऊ परत पारावर टेकला. बोलावं तर तालीम रद्द आणि अठरा तारीख गेली. गप्प बसावं तर लाल दिवा आणि तरीही अठरा तारीख गेली. त्याचा हात खिशात गेला. त्या दिवशी ना शिंक होती, ना हसू.

आत रेश्मा घामाघूम. ती म्हणाली, "मावशी, अजून एकदा बोट ठेवा ना."

भीमाबाईनं हात पदराखाली घेतला. "ठेवत न्हाई जा."

"का हो?"

"सकाळधरनं हुबी हाय. दहा बोटं तपासली माझी, चोराची तपासावी तशी. बेंजा असला म्हंजी आदी बस म्हनतो, चहा पाजतो, मंग बोट मागतो. तू चहाचं नाव तरी काढलंस का गं?"

रांगेतल्या दोघी म्हाताऱ्यांनी माना हलवल्या. "व्हय बाई, चहा तर आमाला बी देतो. गिलासभर."

रेश्मा लाजून अर्धी झाली. "चुकलं मावशी. छगनकाका, चहा आणा. आधी चहा."

छगननं टपरीवरून चहा आणला. कसा आणला? जसा अकरा वर्षं आणत आला तसा. स्टीलचा उंच गिलास, काठोकाठ, चटका बसेल असा. भीमाबाईच्या उजव्या हातात काठी, पिशवी कडीला, म्हणून गिलास डाव्या हातात. तिनं पदर गुंडाळला नाही, असल्या चटक्यांना ती दाद देत नाही. फुंकर मारत, सुनेच्या कागाळ्या सांगत, साहेबाला 'लगीन झालं का' विचारत तिनं तो चहा चांगला दहा मिनिटं पुरवला. साहेब घड्याळ बघत होता. बेंजाभाऊ गिलासाकडं बघत होता.

चहा संपला. भीमाबाईनं गिलास ठेवला आणि सवयीनं डाव्या हाताचं मधलं बोट पुढं केलं. "घे. बेंजा हेच घेतो."

बोट काचेवर टेकलं. हिरवा.

रांगेत एकच कालवा झाला. रेश्मा मात्र हलली नाही. तिनं रिकामा गिलास उचलला, चाचपला, भीमाबाईचं ऊन ऊन बोट परत हातात धरून बघितलं आणि मग मान वळवून सरळ पाराकडं बघितलं. बेंजाभाऊ पिंपळाची पानं मोजत होता.

पाच वाजता हर्षल साहेबानं सुट्टीच्या अर्जावर सही केली. तसा पारावर घोळका जमला. मुक्ताबाई तो रिकामा गिलास हातात घेऊन पुढं आली.

"बेंजा, ह्या म्हाताऱ्यास्नी अकरा वर्सं चहा कशापायी पाजत हुतास रं?"

"मान म्हनून, आक्का."

"खरं सांग. उद्या टेबलावर जायचंय."

"अठराला जायचंय." बेंजाभाऊनं चप्पलनं माती उकरली. "बोट ऊन झालं, वाफंनं जरा भिजलं, म्हंजी रेघा उठत्यात."

भीमाबाईनं काठी आपटली. "म्हंजी मला चहा बोटासाठी पाजला व्हय रं, मुडद्या? आन् मी गावभर सांगती, बेंजा लई मान देतो!"

"मानाचा बी हुता मावशी."

"किती?"

"साखर मानाची हुती."

सगळं गाव हसलं. बेंजाभाऊही हसला, खिशात हात घालून. मुक्ताबाई तेवढी हसली नाही. जवळ येऊन ती हळूच म्हणाली, "सावडीत हात राखलास तू. ती पोर कशी काम करती, मी बघितलं. भीमाबाई रुसली नसती तर आज बसला असतास तसाच गाठ धरून."

बेंजाभाऊनं मान हलवली. दुसऱ्या दिवसापासून तो रेश्माच्या शेजारी बसला आणि सगळी बोटं लिहून दिली. कुणाला चहा, कुणाला नुसतं कोमट पाणी, कुणाच्या हाताला तंबाखूचा चुना असतो म्हणून आधी हात धुवायचे. सत्तावीस पानं भरली. लिहिताना रांगेतली माणसंच त्याच्या चुका काढत होती. "माझं उजवं न्हाई बेंजा, डावं. उजवं मागल्या साली विळ्यानं कापलं, इसरला का?" बेंजाभाऊला वाटत होतं विद्या त्याच्या एकट्याची आहे. ती गावानं आपापल्या बोटात सांभाळून ठेवली होती.

अठराला ऑपरेशन झालं. झालं ते लई चांगलं झालं, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगण्यासारखं पुढंच आहे. शुद्धीवर आल्याबरोबर बेंजाभाऊनं मोबाईल मागितला आणि उशाशी ठेवला. पहिला दिवस गेला. फोन नाही. दुसरा गेला. फोन नाही. दीनावहिनी पेज भरवत होती.

"रेंज हाय का बघ गं हितं."

"चार कांड्या आहेत."

"बॅटरी?"

"भरलेली."

तिसऱ्या दिवशी त्यानंच छगनला फोन लावला. "काय छगन, काय अडलं का?"

"न्हाई."

"पोर्टल?"

"चालू."

"प्रिंटर?"

"चपलीवर हाय."

"मंग फोन का केला न्हाई कुनी?"

"आमाला वाटलं तुमी झोपला असाल."

बेंजाभाऊनं फोन ठेवला आणि भिंतीकडं तोंड केलं. दीनावहिनी म्हणाली, "अडलं नाही म्हणून रडणारा माणूस मी पहिल्यांदा बघतेय."

"रडत न्हाई. टाकं वढत्यात."

पाचव्या दिवशी मात्र फोन वाजला. बेंजाभाऊनं पहिल्याच रिंगला उचलला. पलीकडं भीमाबाई होती, छगनच्या मोबाईलवरून. "बेंजा, कसा हायस? ह्या पोरीच्या चहात आलं घातल्यालं असतं रं. तू कधी आलं घालत न्हवतास. सावकाश ये." आणि फोन बंद.

बेंजाभाऊ महिनाभरानं कामावर आला. तोवर रेश्मा दुपारपर्यंत डोहगावात आणि पुढं भोजवाडीत बसत होती. डॉक्टरनं वजन उचलायचं नाही म्हणून सांगितलं होतं, म्हणून प्रिंटर सरकवायला छगन. बाकी सगळं जागच्या जागी होतं. आराखड्याच्या कागदावर पर्यायी व्यक्तीच्या रकान्यात रेश्माचं नाव आणि खाली तिसरं नाव, छगनचं. छगननं हर्षल साहेबाकडून आपल्या नावाचं लॉगिन मागून घेतलं होतं आणि माऊसला अजून जरा दबकूनच हात लावत होता.

आणि सावड म्हटली की फेड आली. रेश्मा दहा दिवस सुप्याला माहेरी गेली आणि बेंजाभाऊ डोहगावचं केंद्र छगनवर सोपवून सकाळच्या एस.टी.नं भोजवाडीच्या केंद्रात हजर झाला. तिथली माणसं त्यानं मंगळवारी बघितलेली, पण खुर्चीत एकटा पहिल्यांदाच बसत होता. समोर रांग. कुणाचंच बोट ओळखीचं नाही.

पहिला आला वाल्मिक आबा. जन्मभर विहिरी खोदलेला गडी, हात फावड्यासारखे. अंगठा ठेवला, लाल. बेंजाभाऊनं रुबाबात हाळी दिली, "चहा सांगा रं एक!"

"मला साखर हाय," आबा म्हणाला. "चहा बंद."

बेंजाभाऊ खुर्चीत मागं टेकला. रांग त्याच्याकडं बघत होती, कोऱ्या चेहऱ्यानं. मग त्याला टेबलावरची वही दिसली. वर रेश्माच्या अक्षरात लिहिलं होतं, 'अमोलिककाकांसाठी'. आत भोजवाडीची सगळी बोटं. तिनं काहीच राखलं नव्हतं. त्यानं वाल्मिक आबाचं पान काढलं. 'डावा अंगठा. चहा देऊ नका. बोट फार दाबून धरतात, म्हणून उठत नाही. आधी त्यांच्या कालवडीची चौकशी करा, म्हणजे हात सैल सोडतात.'

बेंजाभाऊनं वही मिटली. "आबा, कालवड कशी हाय?"

आबाचा चेहरा उजळला. कालवडीनं सोसायटीच्या चेअरमनचं धोतर कसं खाल्लं, तो कमरेला टॉवेल गुंडाळून सभेला कसा आला, आणि कालवड तिथंही त्याच्या मागं मागं कशी गेली, हे आबानं हातवारे करून सांगितलं. बेंजाभाऊ हसला. हसता हसता त्याचा उजवा हात सवयीनं खिशात गेला आणि तिथं दाबायला काही सापडलं नाही. तो चाचपत राहिला आणि हसत राहिला, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर.

"खिशात काय हुडकताय?" आबानं विचारलं.

"कायी न्हाई. सवय."

"मंग काढा की तो हात भाईर," आबा डावा अंगठा सैल सोडून म्हणाला. "माझा अंगठा कोन धरनार?"